दोनशे छप्पन्नांची एक गाय

अमेरिकेच्या कृषिखात्याने प्रसिद्ध केलेल्या १९०१ सालच्या वार्षिक ग्रंथात, त्या खात्यातील जीवसर्वेक्षणाचे प्रमुख सी. हार्ट मेरियम यांचा प्रेअरी डॉग ह्या प्राण्यावर एक लेख आहे, आणि त्या लेखात एक त्रैराशिक आहे. ३२ प्रेअरी डॉग मिळून एका मेंढीइतके गवत फस्त करतात आणि २५६ मिळून एका गाईइतके, हे कोष्टक सिद्ध मानून मेरियम टेक्सासातील एका अवाढव्य वसाहतीकडे वळले. ही वसाहत सुमारे २५० मैल लांब व १०० मैल रुंद असून तीत ४० कोटी प्रेअरी डॉग असावेत असा अंदाज होता, आणि तेवढ्यांना लागणाऱ्या गवतावर १५ लाख ६२ हजार ५०० गाई पोसता आल्या असत्या, असा निष्कर्ष त्यांनी वाचकांपुढे ठेवला. भागाकार निर्दोष आहे. भाज्य मात्र तपासण्याजोगे आहे. कारण २५,००० चौरस मैल म्हणजे १ कोटी ६० लाख एकर, आणि त्यांत ४० कोटी प्राणी म्हणजे सर्वत्र सरसकट एकरी २५, तर पुढील काळात ज्यांनी वसाहतींच्या कडेला वर्षानुवर्षे बसून शिरगणती केली त्यांना हेक्टरी दहाच्या आसपास, म्हणजे एकरी चार, इतकेच प्रौढ प्राणी सामान्यतः आढळले. परंतु सरकारी दफ्तरात एकदा दाखल झालेला आकडा सहसा म्हातारा होत नाही, आणि त्या मुलखात प्रेअरी डॉगच्या वाट्याला जे विष आणि जी गोळी आली, तिच्यामागे पुढे कित्येक वर्षे हाच हिशेब उभा होता.

ज्याच्यावर हे अपराधपत्र ठेवले गेले तो प्राणी नावाने श्वान असला तरी कुळाने खारीचा भाऊबंद आहे: वजन किलो-सव्वा किलो, लांबी हातभर, रंग वाळल्या गवताचा. त्याच्या पाच जाती आहेत, आणि त्यांपैकी काळ्या शेपटीची जाती कॅनडाच्या दक्षिण सीमेपासून उत्तर मेक्सिकोपर्यंतच्या तृणभूमीत सर्वांत दूरवर पसरलेली आहे. एक नर, दोनतीन माद्या आणि त्यांची पिले अशी कुटुंबे शेजारी शेजारी नांदून त्यांची वसाहत बनते. प्रत्येक कुटुंबाची हद्द ठरलेली असते आणि तिच्यावरून दररोज कज्जे होतात. बिळाच्या एका तोंडाशी मातीचा उंच कडा आणि दुसऱ्या तोंडाशी बसका उंचवटा अशी त्यांची रचना असते, आणि ह्या उंचीच्या फरकामुळे वरून जाणारा मंद वाराही बिळातून हवा खेचून नेतो, हे १९७३ साली स्टीव्हन व्होगेल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले. गनिसन जातीच्या प्रेअरी डॉगच्या आवाजांचा अभ्यास करण्यात ॲरिझोनातील प्राध्यापक कॉन स्लोबोडचिकॉफ यांनी अनेक वर्षे घालवली. ससाणा दिसल्यावरची आरोळी निराळी, कोल्ह्यासारखा कायोटी दिसल्यावरची निराळी आणि माणूस दिसल्यावरची निराळी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या प्राण्याची एक सवय विशेष महत्त्वाची आहे. वसाहतीच्या परिसरात उंच वाढणारे प्रत्येक झुडूप आणि गवताचा प्रत्येक तुरा तो दातांनी छाटून टाकतो, खाण्यासाठी नव्हे तर दृष्टी मोकळी राहावी म्हणून. आणि शत्रूची चाहूल लागताच बिळाच्या कड्यावर मागच्या पायांवर ताठ उभा राहून तो सर्वांना सावध करतो. गरुड, बिज्जू आणि कायोटी यांच्याविरुद्ध हा बंदोबस्त हजारो वर्षे पुरला. बंदुकीच्या बाबतीत मात्र तोच बंदोबस्त त्याच्यावर उलटला, कारण तीनशे वारांवर पालथ्या पडलेल्या माणसाला जे काही हवे असते, म्हणजे मधे आडोसा नसलेले सपाट मैदान आणि त्यावर उंचवट्यावर निश्चल उभे असलेले लक्ष्य, ते सर्व प्रेअरी डॉग आपल्याच दातांनी आणि आपल्याच शिस्तीने सिद्ध करून ठेवतो.

गोऱ्या माणसाने त्याला पकडण्याचा जो पहिला नोंदलेला प्रयत्न केला, तो बंदुकीविनाच. ७ सप्टेंबर १८०४ रोजी, आजच्या नेब्रास्काच्या उत्तर सीमेवर, लुइस आणि क्लार्क यांच्या शोधपथकाने एका वसाहतीवर जवळजवळ अख्खा दिवस खर्ची घातला. सहा फूट खणल्यावर काठी घालून पाहिले तो बिळाची निम्मी खोलीही गाठलेली नव्हती, मग पाण्याची पाच पिंपे आत ओतली, आणि तेव्हा कोठे एक जनावर हाती लागले. पुढील वसंतात मँडन किल्ल्यावरून राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे जे नजराणे रवाना झाले त्यांत एक जिवंत प्रेअरी डॉग होता. मिसिसिपी आणि समुद्र असा चार महिन्यांचा प्रवास सोसून तो राजधानीत जिवंत पोहोचला, आणि तेथून फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात गेला. त्याआधी कित्येक पिढ्या नॅव्हाहो लोक पावसाचे वाहते पाणी बिळांकडे वळवून प्रेअरी डॉग बाहेर काढीत आणि निखाऱ्यात भाजून खात. ती पोटासाठी केलेली शिकार होती आणि तिची मर्यादा भूक हीच होती.

गुरांचे कळप मैदानात उतरले आणि हिशेब बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्यांचे कळप कापून काढण्यात आले, त्यांच्या जागी गाई आणि मेंढ्या आल्या, तारेची कुंपणे पडली, आणि कुंपणात कोंडलेल्या गुरांनी गवत मुळापर्यंत ओरबाडले. आखूड गवत हीच प्रेअरी डॉगची आवडती भूमी असल्यामुळे, चराईने उजाड झालेल्या जमिनीवर त्याच्या वसाहती फैलावल्या. जमीन उजाड आणि तिच्यावर प्रेअरी डॉग, हे दृश्य पाहून पशुपालकाने कार्यकारणभाव नेमका उलटा लावला. त्याला दोष देणेही कठीण आहे. कारण जो कर्ज काढून गुरे विकत घेतो आणि दुष्काळाच्या वर्षी ती मातीमोलाने विकतो, त्याला स्वतःच्या गुरांकडे आरोपी म्हणून पाहण्याचा तटस्थपणा कोठून यावा?

१९१५ च्या सुमारास केंद्र सरकारचा पैसा ह्या कामी खर्च होऊ लागला, आणि धान्याला स्ट्रिक्नीन चोळून ते बिळाबिळांशी टाकण्याची मोहीम सुरू झाली; मंदीच्या काळात नागरी संवर्धन दलातील बेकार तरुणही ह्या कामावर लावले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘१०८०’ ह्या क्रमांकाने ओळखले जाणारे अधिक जहाल विष आले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका आदेशान्वये सरकारी जमिनींवरील अशा विषप्रयोगांना पुष्कळसा आळा घातला, आणि त्यानंतर झिंक फॉस्फाइड लावलेले ओट हे नेहमीचे साधन झाले. ह्यात एक लक्षात घेण्याजोगी खुबी आहे. आधी एकदा निर्विष ओट टाकावे लागतात. प्रेअरी डॉगला त्यांची चव आणि खात्री पटली की मगच विषारी दाणे टाकायचे, नाहीतर तो त्यांना तोंड लावीत नाही. विष, नांगर आणि पुढे सांगितली आहे ती रोगराई, ह्या तिघांनी मिळून काळ्या शेपटीच्या जातीला तिच्या मूळ विस्ताराच्या अगदी थोड्या टक्क्यांवर आणून ठेवले. बंदुकीचा वाटा ह्या तिघांपुढे लहान होता, आणि आजही तो लहानच आहे.

मग बंदुकीकडे इतके लक्ष का वेधले जाते? माझ्या मते त्याचे कारण असे, की विष टाकणारा काम करीत असतो आणि गोळी झाडणारा सुटी घालवीत असतो.

साउथ डकोटा, वायोमिंग आणि मोंटाना ह्या राज्यांत जून महिना उजाडला, पिले बिळांबाहेर येऊ लागली, की दूरदूरच्या शहरांतून नेमबाज तेथे दाखल होतात. त्यांच्या गाडीत जो सरंजाम असतो तो मृगयेपेक्षा प्रयोगशाळेला अधिक शोभेल. फिरत्या बैठकीचे मेज, वाळूच्या पिशव्या, अंतर मोजणारे लेसर यंत्र, तिपाईवरची दुर्बीण, वाऱ्याचा वेग सांगणारे उपकरण, आणि तीनचार रायफली. तीनचार अशासाठी की दिवसाकाठी शेकडो काडतुसे उडवताना एक नळी तापली की ती बाजूला ठेवून दुसरी घ्यावी लागते. जवळच्या लक्ष्यासाठी साधी .२२ किंवा २००२ साली निघालेली .१७ एच.एम.आर., मध्यम पल्ल्यासाठी .२२३ रेमिंग्टन किंवा २००४ सालची .२०४ रुगर, आणि लांबच्या पल्ल्यासाठी .२२-२५० अशी सर्वसाधारण वाटणी असते. ह्या शेवटच्या रायफलीची चाळीस ग्रेन वजनाची गोळी नळीतून बाहेर पडताना सेकंदाला बाराशे मीटरांच्या आसपास वेगाने जाते. गोळीचे कवच मुद्दाम पातळ ठेवलेले असते, जेणेकरून ती जमिनीवर आपटताच चुरा व्हावी आणि उडून पलीकडच्या गाईला किंवा घराला लागू नये. अशी गोळी प्राण्याला लागली म्हणजे त्याचे काय होते, ह्याचे वर्णन नेमबाज आपापसांत ज्या विनोदाने करतात तो येथे उतरवण्याची माझी इच्छा नाही.

खेळाचे मर्म अंतरात आहे. पन्नास वारांवर मारणे मुलांचे काम समजतात. तीनशे-चारशे वारांवर गोळी वाऱ्याने किती ढळेल, तापलेल्या जमिनीवरची हवा लक्ष्य किती हलवून दाखवील, हे ताडावे लागते, आणि शेजारी दुर्बीण लावून बसलेला सोबती चुकलेल्या गोळीची धूळ कोठे उडाली ते सांगत असतो. नेमबाजीची कला म्हणून तिच्यात कसब आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मागोवा घेणे, दबा धरणे, जनावराच्या बुद्धीशी आपली बुद्धी लढवणे आणि अखेर मांस घरी नेणे, ह्यांतले काहीच तेथे घडत नाही. मेलेला प्राणी जेथे पडला तेथेच राहतो आणि त्याला हात लावू नये अशीच सूचना असते. कोलोरॅडोतील नुक्ला ह्या खेड्यात १९९० साली प्रेअरी डॉग मारण्याची जाहीर स्पर्धा भरवण्यात आली, तेव्हा बाहेरून आलेल्या निदर्शकांमुळे आणि वार्ताहरांमुळे त्या आडगावाचे नाव देशभर झाले. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती जत्रा होती आणि चार पैसे मिळवण्याची संधी होती. निदर्शकांच्या दृष्टीने तो उघड्यावरचा खाटीकखाना होता. आणि दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा कळत नव्हती.

खाजगी जमिनीवर ह्या खेळाचे काही अलिखित दंडक आहेत आणि ते मोडणाऱ्याला पुन्हा फाटकातून आत घेत नाहीत. फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत ठेवायचे, उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद. गुरांच्या आणि पाणवठ्याच्या दिशेने नळी वळवायची नाही. वाळल्या गवतावर तापलेली गाडी उभी करायची नाही, कारण तिच्या धुराड्याच्या उष्णतेने वणवा लागतो. रिकामी काडतुसे वेचून न्यायची. वायोमिंगसारख्या राज्यात सरकारी आणि खाजगी जमिनी पटावरच्या घरांसारख्या एकाआड एक पडलेल्या असल्यामुळे, आपण कोणाच्या मालकीच्या गवतावर बसलो आहोत हे नकाशावाचून कळत नाही. पुष्कळ जमीनमालक दिवसागणिक दर आकारतात. साउथ डकोटातील रोझबड येथील लकोटांसारख्या मूलनिवासी जमातीही आपल्या हद्दीत नेमबाजीसाठी परवाने विकतात. येथे एक विलक्षण गुंतागुंत निर्माण होते. ज्या मालकाला दर उन्हाळ्यात नेमबाजांकडून उत्पन्न मिळते, तो आपल्या वसाहतीवर विष टाकायला कचरतो, आणि अशा रीतीने मारणाऱ्यांच्या पैशाने मरणारे टिकून राहतात. हा युक्तिवाद नेमबाजांच्या संघटना मोठ्या उत्साहाने मांडतात. तो सोयीचा आहे म्हणून खोटा ठरत नाही.

पशुपालकाची मूळ तक्रार कितपत खरी, ह्याचे उत्तर मेरियम यांच्या त्रैराशिकाने मिळत नाही, कारण गवत ही पेटीत मोजून ठेवलेली रोकड नव्हे. प्रेअरी डॉगने वारंवार खुडलेल्या जागी गवत आखूड उरते, पण नवीन फुटव्यांत प्रथिनांचे प्रमाण अधिक असते. साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानात गवे वसाहतींच्या जागा निवडून तेथे चरतात असे निरीक्षण आहे. मात्र ह्यावरून नुकसान मुळीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. कोलोरॅडोत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, कुरणाचा पाचवा हिस्सा वसाहतीने व्यापला तेव्हा गुरांच्या वजनवाढीत साडेपाच टक्के घट दिसली, आणि साठ टक्के व्यापला तेव्हा चौदा टक्के. म्हणजे वसाहत तिप्पट झाली तरी नुकसान तिप्पट झाले नाही, पण नुकसान होते. आणि ज्याचा नफाच पाचदहा टक्क्यांचा असतो त्याला साडेपाच टक्के ही क्षुल्लक बाब वाटत नाही.

बंदुकीचा परिणाम वसाहतीवर काय होतो, हे पाहण्यासाठी वायोमिंगमधील थंडर बेसिन तृणभूमीत जोनाथन पाउली आणि स्टीव्हन बस्कर्क ह्या दोघा संशोधकांनी काही वसाहतींवर गोळीबार होऊ दिला, काही तशाच ठेवल्या आणि त्यांची तुलना केली. सर्वसाधारण अपेक्षा अशी असते की संख्या घटली म्हणजे उरलेल्यांना अन्न मुबलक मिळते, ते धष्टपुष्ट होतात आणि अधिक पिले घालतात. विषप्रयोगानंतर वसाहती थोड्याच वर्षांत पुन्हा भरतात हा पशुपालकांचा अनुभवही ह्याच अपेक्षेला पुष्टी देतो. येथे उलट घडले. वाचलेले प्राणी आठपट अधिक वेळ पहारा देण्यात घालवू लागले, जमिनीवर राहण्याचा आणि चरण्याचा त्यांचा वेळ दोनतृतीयांशाने घटला, अंगची चरबी झडली, आणि पुढील वर्षी गाभण राहणाऱ्या माद्यांचे प्रमाण निम्म्यावर येऊन एकूण प्रजोत्पत्ती ८२ टक्क्यांनी उतरली. हा प्राणी मुळात जपून विणारा आहे: मादी वर्षातून एकदाच, तेही काही तासांपुरतीच, माजावर येते आणि तीनचार पिलांना जन्म देते. ज्याचे सर्व संरक्षण एकमेकांना सावध करण्यावर उभे आहे, त्याला दिवसभर न दिसणाऱ्या शत्रूपासून सावध राहावे लागले तर तो उपाशी पडतो, इतकाच ह्या आकड्यांचा अर्थ. २००७ सालच्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात शिशाचा हिशेब आहे: फुटणाऱ्या गोळ्यांनी मारलेल्या प्राण्यांपैकी ८७ टक्क्यांच्या शरीरात शिशाचे कण सापडले, न फुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत फक्त ७ टक्क्यांच्या, आणि हे मृत देह खाण्यासाठी गरुड आणि ससाणे उतरतात.

मेलेल्या प्राण्याला हात लावू नये ह्या सूचनेचे कारण मराठी वाचकाला परके नाही. १८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकलेली ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ १८९६ साली मुंबईत मांडवीच्या वखारींत उतरली, पुढल्या वर्षी पुण्यात शिरली आणि घरोघर झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या व प्लेग-अधिकारी रँडचा खून असा इतिहास घडवून गेली. त्याच जागतिक साथीचे जंतू जहाजांतील उंदरांबरोबर १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात पोहोचले. तेथील शहरी साथ आटोक्यात आली, परंतु जंतू पिसवांमार्फत कॅलिफोर्नियातील रानखारींत गेले, डोंगर ओलांडून पूर्वेकडे सरकले आणि १९३० नंतरच्या दशकात प्रेअरी डॉगपर्यंत आले. आपल्याकडे माणसाने प्लेगच्या भयाने गावे सोडून माळावर झोपड्या बांधल्या; प्रेअरी डॉगला माळ सोडून जायला जागा नाही. ह्या रोगाशी त्याची पूर्वापार ओळख नसल्यामुळे, साथ शिरली म्हणजे शंभरांतले पंच्याण्णवांहून अधिक प्राणी थोड्याच आठवड्यांत मरतात आणि शेकडो एकरांची वसाहत ओस पडते. बंदूक आणि विष ह्यांना जे साधले नाही ते हा जंतू एका ऋतूत साधतो.

प्रेअरी डॉगच्या ऱ्हासाचा सर्वांत मोठा बळी दुसराच एक प्राणी ठरला. मुंगसासारखा दिसणारा काळ्या पायांचा फेरेट जवळजवळ केवळ प्रेअरी डॉग खाऊन त्यांच्याच बिळांत राहतो. १९७९ साली बंदिवासातील शेवटचा फेरेट मेला तेव्हा ही जात नष्ट झाली असेच धरून चालले होते. १९८१ साली वायोमिंगमधील मिटीट्सी गावाजवळ एका पशुपालकाच्या कुत्र्याने एक फेरेट मारून अंगणात आणला, त्यावरून शेवटची टोळी सापडली, आणि रोगातून वाचवून पकडलेल्या अठरा प्राण्यांपासून आजची सर्व संतती वाढवण्यात आली. फेरेटला जगवायचे तर प्रेअरी डॉग जगला पाहिजे, ह्या एका गोष्टीने कायद्याच्या चोपड्यांत मोठा घोळ घातला आहे. एकाच राज्यात कृषिखात्याच्या लेखी जो उपद्रवी, तोच वन्यजीवखात्याच्या लेखी संवर्धनीय. कॅन्ससमध्ये तर १९०१ सालच्या एका कायद्याच्या आधारे, ज्या जमीनमालकांनी आपल्या कुरणात प्रेअरी डॉग राहू दिले त्यांच्याच जमिनीत शिरून विष टाकण्याचा आणि खर्च त्यांच्याच नावे लावण्याचा अधिकार लोगन काउंटीने सांगितला, आणि त्याच काउंटीत २००७ साली केंद्र सरकारने फेरेट सोडले.

साउथ डकोटातील कोनाटा खोऱ्यात ही सारी परस्परविरोधी फर्माने एकाच वेळी अमलात आहेत. १९९६ पासून तेथे फेरेट सोडले गेले. १९९८ पासून खोऱ्यातील सरकारी तृणभूमीवर प्रेअरी डॉगवर गोळी झाडण्यास मनाई आहे. २००८ साली प्लेग पोहोचल्यापासून कर्मचारी बिळाबिळांत पिसवांवरील भुकटी फुंकतात, आणि शेंगदाण्याच्या लोण्याच्या चवीची लस घातलेल्या गोळ्या पसरून पाहण्याचेही प्रयोग झाले आहेत. शेजारच्या पशुपालकांच्या तक्रारींवरून सरहद्दीलगतच्या पट्ट्यात मात्र त्याच सरकारच्या मंजुरीने झिंक फॉस्फाइडचे ओट टाकले जातात. तारेपलीकडे खाजगी जमीन सुरू होते, आणि तेथे मालकाची संमती व खिशात परवाना असलेल्या नेमबाजाने एका दिवसात किती मारावेत, ह्याला मर्यादा नाही.